सदर गोगलगाई माझ्या आहेत

पहिली गोगलगाय तक्रारसाहेबांना दिसली ती एका रविवारी सकाळी, दाढी अर्धी झालेली असताना. एका गालावर फेस, दुसरा गाल गुळगुळीत, अशा अवस्थेत ते बाहेरच्या खोलीत मासे बघायला आले होते. तसे ते दिवसातून सात-आठ वेळा येत. साडेतीन फुटी काचेचा तो टँक त्यांनी दारासमोर नेमक्या अशा जागी ठेवला होता की आलेल्या माणसाला चपला काढता काढता तो दिसलाच पाहिजे. एवढं करूनही एखाद्याला नाहीच दिसला, तर साहेब त्याला खांद्याला धरून वळवत.

काचेवर मोहरीच्या दाण्याएवढं काहीतरी चिकटलं होतं. साहेबांनी बोटाने पुसून बघितलं. ते आतल्या बाजूला होतं. मग ते चालू लागलं.

"अगं, इकडे ये," साहेबांनी बायकोला हाक मारली, "आपल्याकडे कोणीतरी आलंय."

बायको गणिताच्या शिकवण्या घ्यायची. ती हातातलं लाल पेन तसंच घेऊन आली, चष्मा वर करून काचेला नाक लावलं आणि म्हणाली, "अहो, गोगलगाय आहे ही."

"एकच आहे."

"आज एक आहे," बायको म्हणाली, आणि वह्या तपासायला परत गेली.

साहेबांना मात्र अभिमानच वाटला. आपण न बोलावता निसर्ग आपल्या टँकमध्ये राहायला आला, याचा अर्थ पाणी उत्तम आहे. आणि पाण्यातलं त्यांना नाही कळणार तर कोणाला? ते गावच्या पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागाचे प्रमुख होते. बावीस वर्षं त्यांनी गढूळ पाणी, कमी दाबाचं पाणी, न आलेलं पाणी आणि नको तिथे आलेलं पाणी या चारही प्रकारांचा निकाल लावला होता. एकही तक्रार त्यांच्या टेबलावर सात दिवसांपेक्षा जास्त थांबली नव्हती. इमारतीतले लोक त्यांना तक्रारसाहेब म्हणत. समोर म्हणत, मागेही म्हणत. फरक पडायचा तो फक्त आवाजाच्या चढउतारात.

दहा दिवसांनी टँकमध्ये सत्तेचाळीस गोगलगाई होत्या. आकडा अचूक आहे, कारण साहेबांनी वही घातली होती. तारीख, वेळ, डावी काच, उजवी काच, वनस्पती, फिल्टर, शेरा, असे रकाने आखले होते. बारा वर्षांच्या लेकीने पहिल्या वीस गोगलगाईंची बारशी केली, एकविसाव्या वेळी तिची नावं संपली आणि तिने तो नाद सोडला. साहेबांचे वडील, म्हणजे बाबा, निवृत्त पोस्टमास्तर. ते खुर्चीतूनच म्हणाले, "गोगलगाय नि पोटात पाय. दिसायला गरीब असते, पण पसारा वाढवते. आमच्या खात्यात असे दोन जण होते."

वीस दिवसांनी एकशे साठ झाल्या. आता काच म्हणजे ठिपक्यांचं कापड दिसू लागलं. पानांना भोकं पडली, कानाकोपऱ्यात चिकट पारदर्शक थेंबांसारखी अंडी दिसू लागली. हेही साहेबांनी सहन केलं असतं. पण एका संध्याकाळी बायकोच्या एका विद्यार्थ्याचे वडील आले, चपला काढता काढता टँककडे वळले (म्हणजे वळवले गेले) आणि म्हणाले, "वा! गोगलगाई पाळल्यात वाटतं?" मग जरा वाकून, "अरे, मासे पण आहेत की!"

साहेब त्या दिवशी धड जेवले नाहीत. नऊ मासे, सहा प्रकारच्या वनस्पती, लेकीचे झिंगे, दिवा, फिल्टर, बुडबुडे सोडणारा पंप, एवढा सगळा संसार उभा करून शेवटी "मासे पण"! दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईत 'तातडीचे' असं लिहिलं.

आता आपल्याकडे कोणतंही काम सुरू करायचं तर साहित्य लागतं, माणसं लागतात, वेळ लागतो. सल्ला तेवढा तयार मिळतो. वरच्या मजल्यावरचे वकीलसाहेब जिन्यात भेटले, म्हणाले, "मीठ टाका. मूठभर. चोवीस तासांत जागा खाली करतील."

"मिठाने वनस्पती मरतील."

"मग आधी वनस्पतींना दुसरीकडे हलवा. तात्पुरता ताबा." वकीलसाहेबांचा कोणताही सल्ला ताब्यापर्यंत जातोच.

समोरच्या घरात सिस्टर राहायच्या. पस्तीस वर्षं इस्पितळात काढून निवृत्त झालेल्या, एकट्या, सडसडीत, आणि सगळ्या इमारतीचं थर्मामीटर. त्या म्हणाल्या, "काकडी ठेवा हो. झोपताना एक काप टाकायचा, सकाळी उचलायचा. सगळ्या त्याला लटकलेल्या सापडतील. आमच्या वॉर्डात टँक होता मोठा, मीच बघायचे."

साहेबांना हे पटलं, पण एवढ्या साध्या गोष्टीने काम होणार असेल तर आपल्या वहीला काय अर्थ राहिला, असंही वाटलं. म्हणून ते आधी मासेवाल्याच्या दुकानात गेले.

मासेवाला टँकमध्ये कोपरापर्यंत हात घालून उभा होता. त्याने मान न वळवताच विचारलं, "वनस्पती कुठून घेतल्या?"

"तुमच्याकडून."

"हां, मग अंडी त्यावरूनच आली असतील," तो खुशीत म्हणाला, जणू सोबत भेटच दिली होती. त्याने एक निळी बाटली काढली. "हे घाला. तीन थेंब. सगळ्या साफ."

साहेबांनी घरी येऊन भिंग लावून बाटलीवरची बारीक अक्षरं वाचली. औषधात तांबं होतं. झिंग्यांना घातक, असं स्पष्ट लिहिलेलं होतं. लेक टँकसमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली. "पप्पा, एक थेंब जरी टाकलात ना, तर मी आजोबांच्या खोलीत राहायला जाईन. कायमची."

"ये ये," बाबा आतून म्हणाले.

शिवाय बायकोने एक मुद्दा काढला. दोनशे गोगलगाई एकदम आतच मेल्या आणि सडल्या, तर त्या पाण्यात मासे तरी जगतील का? साहेब बाटली परत करायला गेले. मासेवाला म्हणाला, "मग गोगलगाय खाणारी गोगलगाय न्या. पट्ट्यापट्ट्यांची असते. दिसायलाही छान."

"आणि त्या जास्त झाल्या तर?"

"ते तेव्हा बघू."

हे वाक्य साहेब स्वतः बावीस वर्षं लोकांना ऐकवत आले होते. टेबलाच्या दुसऱ्या बाजूने ते कसं लागतं, हे त्यांना त्या दिवशी कळलं. ते काहीही न घेता बाहेर पडले आणि वाटेत काकडी घेतली.

काकडीने कमाल केली. पहिल्या सकाळी एका कापावर एकशे बारा! काप चमच्याला दोऱ्याने बांधून तळाशी सोडला होता. तो वर काढला तेव्हा काकडी दिसतच नव्हती. साहेबांनी तो चमचा सगळ्या घरातून मिरवत नेला. सिस्टरांच्या दारावर टकटक करून त्यांनाही दाखवला. त्या म्हणाल्या, "आता यांचं काय करणार?"

आणि तिथेच गाडं अडलं.

मारायच्या तर साहेबांचा हात होईना. बायकोने मोरीत सोडायला साफ नकार दिला. शेवटी टँकमधलंच पाणी काढून एका निळ्या बादलीत गोगलगाई ठेवल्या, वर ताटली झाकली आणि बादली मागच्या गॅलरीत सरकवली. चार दिवसांत बादलीत तीनशेच्या वर मंडळी जमली. गंमत अशी की टँकमधल्या तरीही कमी दिसेनात. बादली भरत होती आणि टँक रिकामा होत नव्हता. बायको म्हणाली, "हौदाला तोटी लावलीत, पण वरून पाणी चालूच आहे. हे गणित सातवीला येतं." साहेबांनी लक्ष दिलं नाही. त्यांना आधी बादलीचा निकाल लावायचा होता, आणि तो रीतसर लावायचा होता. कुठेतरी गुपचूप ओतून येणं हे त्यांच्या पदाला शोभणारं नव्हतं.

त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि उद्यान विभागात गेले. सार्वजनिक बागेतल्या तळ्यात गोगलगाई सोडण्याची परवानगी हवी, असा अर्ज त्यांनी सुवाच्य लिहून नेला होता. खिडकीतल्या कारकुनाने तो दोनदा वाचला.

"झाडाची आहे का काही?"

"नाही. गोगलगाई."

"फुलाची?"

"अहो, गोगलगाई. जिवंत."

"मग हे आमच्याकडे येत नाही. पशुवैद्यकीयला जा."

'हे आमच्याकडे येत नाही' हे वाक्य तर साहेबांचं खास स्वतःचं होतं. इतक्या सफाईदारपणे ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना त्यांना आपलीच छत्री कोणीतरी घेऊन चालल्यासारखं वाटलं. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्यांच्या पुढे एक बोकड होता आणि मागे पोपट. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, "पाळीव की भटक्या?"

साहेब विचारात पडले. पाळीव म्हणावं तर त्यांनी पाळल्या नव्हत्या. भटक्या म्हणावं तर टँकच्या बाहेर एकही भटकली नव्हती. "आगंतुक," ते म्हणाले.

"तसा रकाना नाही. पाळीव लिहिते. नाव?"

"कोणाचं?"

"जनावराचं."

मागच्या पोपटाने शीळ घातली. साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तेवढ्यात आतून तरुण डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी अर्ज वाचला. हसतील असं वाटलं होतं, पण त्या हसल्या नाहीत.

"तळ्यात मुळीच सोडू नका," त्या म्हणाल्या. "बाहेरचा जीव तळ्यात गेला की तिथल्यांचं नुकसान होतं. तुम्ही विचारायला आलात हे फार चांगलं केलंत. कोणी येत नाही."

साहेबांची छाती दोन बोटं वर आली.

"कुंडीच्या मातीत खोल पुरा, खत होईल. पण त्याआधी मला सांगा, माशांना दिवसातून किती वेळा खायला घालता?"

"एकदा. सकाळी साडेआठला. दोन बोटांची चिमूट."

"शक्य नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एवढ्या गोगलगाई उरलेल्या अन्नावर वाढतात. एकच वेळ घालत असाल तर इतक्या होणारच नाहीत. कोणीतरी जास्त घालतंय."

"आमच्या घरात," साहेब ताठ होत म्हणाले, "शिस्त आहे."

ते तरातरा घरी आले. मागच्या गॅलरीत बघतात तर बादली रिकामी! नुसती रिकामी नाही, लख्ख घासून पालथी घातलेली.

त्या दिवशी पाईपलाईनच्या दुरुस्तीमुळे गावाचं पाणी बंद होतं. तशी जाहीर सूचना साहेबांनीच लिहिली होती, 'नागरिकांनी पुरेसा साठा करून ठेवावा'. सूचना लिहिणाऱ्याच्या शेजारी राहणाऱ्या सिस्टर ती वाचायच्या राहून गेल्या. दुपारी त्या बाबांकडे आल्या, बादलीभर पाणी मिळेल का म्हणाल्या. बाबांना गॅलरीत झाकून ठेवलेली बादली आठवली.

"मी म्हटलं, न्या की!" बाबा अभिमानाने सांगत होते. "माझा मुलगा पाणीपुरवठ्यात आहे. त्याने आधीच भरून, वर झाकून ठेवलंय. असा दूरदर्शी आहे तो. जरा हिरवट दिसलं, पण म्हटलं माझे डोळेच तसे."

साहेब तसेच सिस्टरांच्या दारापर्यंत गेले, घंटीवर बोट ठेवलं. दार उघडलं. समोर ती प्रसन्न, पस्तीस वर्षं दुसऱ्यांना स्वच्छता शिकवलेली बाई. "तुमच्या बाबांनी आज अगदी वाचवलं हो मला," त्या म्हणाल्या.

साहेबांच्या तोंडून काय निघालं? "पाणी... कसं वाटलं?"

"पाण्यासारखं. लादी पुसून घेतली सगळी."

लादी! साहेबांचा जीव भांड्यात पडला. लादीवर गेलं म्हणजे गटारात गेलं, म्हणजे विषय संपला. खरं सांगायची ही वेळ होती. पण जीव एकदा भांड्यात पडला की माणूस वरून झाकण लावतो. साहेब "बरं बरं" म्हणून परतले. वरच्या अर्ध्या बादलीची लादी झाली होती आणि तळाची अर्धी, गोगलगाईंसकट, सिस्टरांनी चष्मा न लावताच मोरीतल्या अंधाऱ्या पिंपात ओतली होती, हे त्यांना कसं कळणार? संध्याकाळी नळ आला आणि त्याच पिंपात पाणी वरपर्यंत भरलं गेलं.

चौथ्या दिवशी सकाळी साहेब आपल्या टेबलाशी बसले, तर समोर एक काचेची बरणी. झाकणावर लाखेची मोहर. आत पाणी, आणि काचेवरून निवांत चालणाऱ्या अकरा गोगलगाई. शेजारी अर्ज. तक्रार क्रमांक चारशे अकरा. 'नळाच्या पाण्यातून जिवंत गोगलगाई येत असलेबाबत.' अर्जदार सिस्टर. मसुदा उघडच वकीलसाहेबांचा, कारण दुसऱ्याच ओळीत 'नागरिकांच्या मूलभूत हक्कांवर' आलं होतं. खाली इमारतीतल्या सात घरांच्या सह्या. एक गोगलगाय सिस्टरांच्या दात घासायच्या ब्रशवर सापडली होती, तिचं वर्णन तेवढं सिस्टरांनी स्वतः केलं होतं. त्यात लांबी मिलिमीटरमध्ये होती.

साहेबांनी बरणीकडे पाहिलं. त्यातल्या दोघींच्या पाठीवरचे डागसुद्धा ओळखीचे वाटले. आपलेच दात आणि आपलेच ओठ! ते ज्याच्याकडे तक्रार नेऊ शकले असते असा एकच माणूस होता, आणि तो त्यांच्याच खुर्चीत बसला होता.

आता साहेबांकडे एक शिक्का होता. 'प्रत्यक्ष पाहणी केली, तथ्य आढळले नाही.' एकदा मारला की कागद फायलीत, फाईल कपाटात. त्यांनी शिक्का उचलला. शाईच्या पेटीवर टेकवला. तेवढ्यात मोठे साहेब स्वतः जिना उतरून आले. ते सहसा खाली येत नसत.

"ती बरणी हीच का? बघा, मी धोका पत्करणार नाही. जिवंत प्राणी म्हणजे टाकीपर्यंत गोष्ट गेलेली असणार. आजपासून दोन दिवस तुमच्या बाजूची सगळी लाईन बंद. अकरा हजार घरं. टाकी उपसा, पाईप धुवा. सूचना लिहा."

अकरा हजार घरं. साहेबांनी शिक्का खाली ठेवला. तथ्य आढळलं नाही म्हणावं, तर मोठे साहेब टाकी उपसणार, कारण बरणी समोर चालत होती. आणि समजा ते ऐकले, टाकी नाही उपसली, तरी त्या कागदाचा अर्थ एकच झाला असता, सिस्टर खोटं बोलतात. ज्या बाईने ब्रशवरची गोगलगायसुद्धा मोजपट्टी लावून मोजली, ती खोटी. बावीस वर्षांत त्यांनी लोकांना ताटकळवलं असेल, या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवलं असेल. पण खऱ्या तक्रारीला खोटं म्हटलं नव्हतं. तेवढी एक गोष्ट त्यांच्याजवळ होती.

त्यांनी पेन काढलं. अर्जाच्या डावीकडे 'कार्यालयाचा अभिप्राय' या जागी लिहिलं: 'सदर गोगलगाई माझ्या आहेत.' खाली सही, हुद्दा, दिनांक. आणि कागद मोठ्या साहेबांपुढे धरला.

मोठ्या साहेबांनी ती ओळ बोट ठेवून वाचली. "तुमच्या म्हणजे?"

"माझ्या घरच्या. टँकमधल्या. बादलीतून गेल्या. नळाचं पाणी शुद्ध आहे."

"तुम्हाला काय माहीत तुमच्याच आहेत?"

साहेबांनी पिशवीतून वही काढली. तारखा, रकाने, एकूण बेरीज, बादलीत टाकल्याची नोंद. मोठ्या साहेबांनी पानं उलटली. आजूबाजूच्या टेबलांवरून माना लांबल्या. कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळा तळमजला हसू लागला. साहेब ताठ उभे होते. कानाच्या पाळ्या लाल होत्या, पण मान खाली नव्हती.

"लाईन बंद करू नका," मोठे साहेब शेवटी म्हणाले. त्यांचंही तोंड जरा वाकडं झालं होतं. "पण तक्रार आहे ती आहे. मूळ कारण शोधून निराकरण झालं पाहिजे. स्थळपाहणी करा. पंचांसमक्ष. तुमच्या घरी, तुम्हीच."

त्या संध्याकाळी साहेब आपल्याच घराची घंटी वाजवून आत आले. हातात फाईल. मागे पंच म्हणून वकीलसाहेब, अर्जदार म्हणून सिस्टर. जिन्यातच साहेबांनी सिस्टरांना सगळं सांगितलं होतं आणि माफी मागितली होती. सिस्टर एवढंच म्हणाल्या, "त्या दिवशी दारात आलात तेव्हा तुमचा चेहरा तापलेला दिसला. मला वाटलं, ताप असेल."

घरच्यांना सोफ्यावर ओळीने बसवलं. साहेबांनी डॉक्टरीणबाईंचा प्रश्न वाचून दाखवला: माशांना खायला कोण, किती वेळा घालतं? "माझ्यापासून सुरुवात करतो. सकाळी साडेआठ. एक चिमूट."

मग बायको टँककडे बघत म्हणाली, "अकरा वाजता शिकवणीचा पहिला वर्ग सुटतो. तेव्हा मी जरासं टाकते. ते माझ्याकडे बघून तोंड उघडतात हो. बाकी कोणाकडे बघून नाही उघडत."

"माझ्याकडे बघून उघडतात!" लेक उसळली. "शाळेतून आल्यावर मी घालते ना रोज. झिंग्यांना वेगळं आणि माशांना वेगळं."

साहेबांचं पेन थांबलं. "तीन वेळा?"

"चार," बाबा म्हणाले. ते बोटांकडे बघत होते. "सहाला फिरून येतो मी. तुम्ही सगळे झोपलेले असता. दार उघडलं की हे नऊच्या नऊ काचेला येऊन थांबलेले असतात. घरात माझी वाट बघणारं तेवढंच असतं त्या वेळी. मग मी घालतो. जरा जास्तच घालतो."

साहेबांनी लिहायचं म्हणून पेन टेकवलं, पण लिहिलं नाही.

सिस्टरांनी घसा खाकरला. "दुपारी मी बाबांशी गप्पा मारायला येते. तेव्हा... माझीही एक चिमूट असते. मला वाटलं, या घरात माशांना कोणी विचारत नाही."

अर्जदारच आरोपी! वकीलसाहेबांनी खिशातून रुमाल काढून कपाळ टिपलं. "दोनदा मीही. पण ते पंचनाम्यात घेऊ नका."

साडेतीन फुटांच्या टँकला पाच वेळचं जेवण आणि वर वकिलाचा फराळ. मासे खाऊन खाऊन थकत होते, उरलेलं तळाशी बसत होतं, आणि गोगलगाईंना घरबसल्या पंगत मिळत होती. बायकोने लाल पेनने फाईलच्या कडेला गुणाकार केला आणि कपाळाला हात लावला. "तोटी मीच चालू ठेवली होती," ती म्हणाली.

निकाल साहेबांनी तिथेच दिला. खाणं दिवसातून एकदाच. चिमूट एकच. उरलेलं दर आठवड्याला नळीने तळातून खेचून काढायचं, ते लेकीकडे. रोज काकडी, ती बायकोकडे. कापावर आलेल्या कुंडीच्या मातीत पुरायच्या, ते मन घट्ट करून साहेबांनी स्वतःकडे घेतलं. खाण्याचा डबा सिस्टरांच्या घरी, कुलपात. कुलपाची कल्पना त्यांनी स्वतःच मांडली, कारण त्यांचा स्वतःवरच विश्वास उरला नव्हता.

"आणि ते एकदा कोण घालणार?" लेकीने विचारलं.

सगळे साहेबांकडे बघू लागले. टँक त्यांचा, हौस त्यांची, साडेआठची वेळही त्यांचीच. साहेबांनी कागदावर लिहिलं, खाडाखोड न करता, आणि मोठ्याने वाचलं: "सकाळी सहा वाजता. बाबा."

"अरे, मी आपला सहज सांगितलं," बाबा म्हणाले.

"पंचनामा झालाय," साहेब म्हणाले. "आता बदल होत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला घरातली सगळी माणसं उठलेली होती. समोरून सिस्टर डबा घेऊन आल्या. बाबांनी चप्पल काढली, हात धुतले, डबा उघडला आणि एक चिमूट उचलली. मग साहेबांकडे बघून त्या चिमटीतले दोन दाणे परत टाकले. नऊ मासे वर आले. साहेब मागे उभे होते. हात पाठीशी बांधलेले, बोटं जरा वळवळत होती, पण पुढे गेली नाहीत.

पहिल्या आठवड्यात गोगलगाई तेवढ्याच राहिल्या. दुसऱ्या आठवड्यात काच दिसू लागली. सहाव्या आठवड्यात वहीत एकूण चौदा होत्या, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की चौदा असू द्या, काच साफ ठेवतील. कुंडीतली माती इतकी सुधारली की गॅलरीतल्या रोपट्यांना नवे कोंब फुटले. विद्यार्थ्याचे वडील परत आले आणि म्हणाले, "वा, मासे!" यावेळी त्यांना कोणी वळवलं नव्हतं.

मग साहेब तक्रार क्रमांक चारशे अकराचा कागद घेऊन सिस्टरांकडे गेले. तक्रार सात दिवसांत नाही, पंचेचाळीस दिवसांत निकाली निघाली होती. कागदाच्या तळाशी 'तक्रारदाराचा अभिप्राय' अशी जागा असते. बावीस वर्षांत बहुतेकांनी ती कोरी सोडली होती, काहींनी 'ठीक' लिहिलं होतं आणि एकाने तिथे हिशेब करून बघितला होता. सिस्टरांनी चष्मा लावला, दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद घडी घालून दिला.

साहेबांनी तो जिन्यात उघडला. 'अधिकाऱ्यांनी चूक स्वतःची असल्याचे स्वतः लिहून दिले. अक्षर सुंदर आहे.'

ते तसेच जिन्यात उभे राहिले. वरून वकीलसाहेब उतरत होते. त्यांनी विचारलं, काही कायदेशीर आहे का? साहेबांनी मानेने नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी कार्यालयात त्यांनी तो कागद मोठ्या साहेबांपुढे ठेवला, त्यांनी वाचला आणि नुसतं "हं" म्हटलं. पण जाताना ते टेबलाशी थांबले आणि साहेबांशी हात मिळवला. तळमजल्यावर कोणी हसलं नाही.

संध्याकाळी घरी साहेबांनी त्या कागदाची झेरॉक्स काढून आणली होती. बाहेरच्या खोलीत, टँकला पाठ करून, त्यांनी ती सगळ्यांना वाचून दाखवली. फक्त दुसरी ओळ.

"अक्षर सुंदर आहे, एवढंच?" बायको म्हणाली. "बघू इकडे." तिने कागद घेतला आणि वरची ओळ मोठ्याने वाचली.

बाबा खुर्चीतून उठले. त्यांनी कागद स्वतःच्या हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ घेतला. पोस्टात आयुष्यभर त्यांनी लोकांची पत्रं पोचवली होती. आता हे एक पत्र आपल्याच घरी आलंय, अशा थाटात ते म्हणाले, "ही वरची ओळ परत वाच. तू वाच."

साहेबांनी घसा साफ केला आणि वरची ओळ परत वाचली. या वेळी जरा मोठ्याने, कारण समोरच्या घराचं दार उघडं होतं.